हात टिकला पाहिजे

नवी पेठेत, जिन्याखालच्या दुकानात
मुजीब बागवाननं काउंटरवर तीन यंत्रं ठेवली.
एक कुठल्याशा बँकेतून निवृत्त झालेला टॉवर,
अंगावर अजून मालमत्ता क्रमांकाची पट्टी.
एक उघडा बोर्ड, पत्त्यांच्या जोडाएवढा.
एक काळा डबा, पंखा नसलेला, जेवणाच्या डब्याएवढा.
"चोवीस तास चालू ठेवणार?
मग मॅडम, जे माझ्याकडं स्वस्त ते एमएसईबीकडं महाग."

वहीच्या मागच्या पानावर मी लिहून आणलं होतं,
या यंत्रानं घरात काय काय करायचं.
टॉवेलची डिझाइनं सांभाळायची, अकरा वर्षांची
(दर दिवाळीला एक तरी पेन ड्राइव्ह मरतोच).
सुताचा हिशोब. भावाचे सिनेमे.
विड्या वळताना अम्मा गुणगुणते ते,
सत्तेचाळीस मिनिटं, मधेमधे कात्री.
"मी हितंच हाय की," ती म्हणते,
"मला कशाला डब्यात घालालीस?"
आणि पाणी.
पाचव्या दिवशी येतं, रात्री दोनला नाहीतर पहाटे चारला.
नळाच्या तोंडाशी सेन्सर बसवायचा,
नळातून हवा फुसफुसली की
यंत्रानं मला उठवायचं.

नायनांनी सगळं ऐकलं, म्हणजे माझ्या ओठांवरून वाचलं.
बत्तीस वर्षं माग चालवला, कान तिथंच राहिले.
"किती युनिट?"
टॉवर साठ वॅट, महिन्याला त्रेचाळीस.
"त्रेचाळिसात फ्रीज चालतो की. वर बर्फ मिळतो."
बोर्ड पाच वॅट, साडेतीन युनिट,
पण दोन डिस्क जोडल्या की त्याला धाप लागते.
डबा आठ वॅट, पावणेसहा.
मला डबाच हवा होता. पंखा नाही, आवाज नाही.
अजिबात आवाज नाही, मी दोनदा सांगितलं
आणि तिसऱ्यांदा सांगताना जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी नायना दुकानात आले.
मे महिना, भर बारा, चव्वेचाळीस अंश,
डोक्यावर ओला टॉवेल, सेकंड क्वालिटी, आमच्याच मागावरचा.
"चालू कर," मुजीबला म्हणाले, आणि स्टुलावर बसले.
तासभर. चहा नको म्हणाले, ताक घेतलं.
मग उजवा तळवा डब्याच्या पाठीवर ठेवला,
मागाच्या मोटरवर ठेवायचे तसा,
आणि मोजायला लागले,
ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु, ऐदु.
सहाला हात उचलला.
"हितं एसी हाय. आपल्या पत्र्याखाली ह्याचं काय?"

माझ्या वहीत ही ओळच नव्हती.

मुजीब आत गेला. बराच वेळ काहीतरी पाडत राहिला.
मग चौथा घेऊन आला, पॅन्टला धूळ पुसत,
पुण्याच्या एका ऑफिसातला, जाड पुस्तकाएवढा,
आत एक पंखा, बांगडीएवढा. अकरा वॅट.
"थोडा आवाज करतो," तो मला म्हणाला,
नायनांकडं न बघता.
तासभर परत. ताक परत.
हात ठेवला. दहा झाले, वीस झाले,
तीसपर्यंत ते मोजत राहिले, उगाच, थांबवेना म्हणून.
"ह्याला वारा हाय," म्हणाले.

आता तो भिंतीवरच्या फळीवर असतो,
सुताच्या रिकाम्या कोनांशेजारी, रात्रभर कुजबुजतो.
मला ऐकू येतं. सवय होते आहे.

पहिल्या पाण्याच्या रात्री तीन दहाला त्यानं मला उठवलं.
मी धावत बाहेर आले तर
अम्माच्या दोन घागरी भरून झालेल्या,
पाइप टाकीत सोडलेला.
"हवा सुटली तवाच कळलं की मला."

घरात नायना अंधारात उभे होते,
तळवा यंत्रावर, ओठ हलत होते.
पंखा वाढला होता, डिस्क फिरायला लागली होती,
ते सगळं त्यांच्या हातात येत होतं.
माझी चाहूल लागली तसे वळले
आणि अख्ख्या गल्लीला जाग येईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले,
"आठ युनिट!"